पाचव्या परिच्छेदातला खड्डा

प्रिय ताई,

आमचं घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, १९८३ सालचं. शेजारच्या काकांचं त्याच्या वर्षभर आधीचं. चाळीस वर्षं दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे. काकू गेल्या तेव्हा तेरा दिवस जेवण आमच्याकडून गेलं. आता काका अठ्ठ्याहत्तरचे. मुलं दोन्ही पुण्यात, त्यांनी जुनं घर पाडून तीन मजली बांधायला काढलंय. काका तोवर मुलीकडे, विजय नगरला.

रंगपंचमी झाली आणि पाडापाडी सुरू झाली. सकाळी सहाच्या ठोक्याला ब्रेकर. एकदा तर रात्री दीडपर्यंत डंपरमध्ये मलबा भरणं चाललं होतं.

धुळीचं विचारू नका. ह्यांना दमा आहे. मी दिवसातून तीनदा पुसते, तरी देवघरातल्या देवांवर पांढरा थर. फाटकासमोर रेतीचा ढीग, गाडी काढायची तर आधी ठेकेदाराला फोन.

मजूर आमच्या नळावर पाणी भरतात. एक मजुरीण तिचं तान्हं आमच्या ओट्यावर निजवून जाते, न विचारता.

गाड्यांसाठी तळघर करतायत, आमच्या बाजूनं दहा फूट तरी खणलंय, भिंतीपासून हातभर, आणि ठेकेदार दोन आठवडे फिरकलेला नाही. स्वयंपाकघरात खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग दिसते, हे म्हणतात जुनीच असेल.

मुलगा बंगलोरहून म्हणतो, वकिलाची नोटीस पाठवा. हे म्हणतात, वर्षभराचा प्रश्न, शेजारधर्म आहे, सोसावं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या वर्षी काकांच्या मुलीला बोलावलं नाही. मुद्दाम नाही, पण आठवण असूनही नाही. त्यांचं तांब्याचं मोठं घंगाळ २००९ पासून माझ्या माळ्यावर आहे. परत करावं का? केलं तर तोडल्यासारखं दिसेल, नाही केलं तर रोज डोळ्यांपुढे येतं.

— लोकमान्य नगरची एक वाचक

*

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घंगाळापाशी अडकले. दुसऱ्यांदा वाचताना पाचव्या परिच्छेदापाशी थांबले आणि हातातला चहा गार झाला. ब्रेकरला तुम्ही अख्खा परिच्छेद दिलात, धुळीला दिलात, त्या तान्ह्यालासुद्धा दिलात. आणि दहा फूट खोल उघडा खड्डा, घराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, कुणाचं लक्ष नसलेला, तो एका वाक्यात उरकलात. समजतं मला. आवाज कानात शिरतो, धूळ नाकात जाते, खड्डा बिचारा तिथल्या तिथे गप्प पडून असतो.

पण या सगळ्या पत्रात खरी तातडीची गोष्ट तेवढी एकच आहे. इंदुरात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो, फार तर तिसऱ्या आठवड्यात. हे वाचाल तेव्हा तुमच्या हाताशी पाच आठवडे असतील. बाकी सगळं पावसानंतरही बोलता येईल.

आपली माळव्याची काळी माती कशी वागते ते तुम्हाला ठाऊक आहेच, फक्त घराच्या संदर्भात आपण ते विसरतो. उन्हाळ्यात ती अशी घट्ट उभी राहते की ठेकेदाराला वाटतं ही भिंतच आहे. सरळ कापलेली कड महिनाभर हलत नाही, म्हणून तो निर्धास्त दुसऱ्या साइटवर जातो. हीच माती पाणी प्यायली की फुगते, मऊ होते, आणि ताठ उभी असलेली कड पहिल्या दोन जोराच्या सरींत खड्ड्यात बसते. मे महिन्यात शेतातल्या ज्या भेगेत मूठ जाते, ती श्रावणात शोधून सापडत नाही, तीच ही माती. आपल्याकडची त्या काळातली घरं बहुतेक दगडी पायाची, मुरूम लागेपर्यंत चार-पाच फूट खणायचं आणि पाया भरायचा. शेजारी दहा फूट खणलं म्हणजे तुमच्या पायाच्याही खालची माती एका अंगानं उघडी पडली. आज ती निव्वळ कोरडेपणावर उभी आहे.

तुम्हाला घाबरवायचं नाही. तळघरं इंदुरात रोज होतात आणि शेजारची घरं धड राहतात. पण ती आपोआप राहत नाहीत. जाणता ठेकेदार दुसऱ्याच्या पायालगत सगळी लांबी एकदम खणत नाही. सहा-सात फुटांचा तुकडा घेतो, तिथली भिंत वर आणतो, मागची पोकळी भरतो, मग पुढच्या तुकड्याला हात लावतो. नाहीतर बल्ल्या आणि फळ्या लावून कड धरून ठेवतो. खणकामाच्या भारतीय मानकात दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा, खोल खंदकाला आधार सांगितला आहे. तुमच्या पत्रात बल्ली-फळीचा उल्लेखच नाही. गच्चीवरून डोकावून बघा. आधार दिसला तर माझी निम्मी काळजी मागे घेते.

आता भेग. तुमचे हे म्हणतात ते खरंही असेल. काळ्या मातीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी एखादी भेग असतेच, आमच्याकडे तर तिला मुलांनी नाव ठेवलं होतं. पण जुनी की नवी हे ठरवायला वाद घालावा लागत नाही. संध्याकाळी दिवा बंद करा, टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरा आणि आत बघा. जुन्या भेगेच्या कडा बोथट असतात, आत फोडणीची काजळी, कोळ्याचं जाळं, मागच्या दिवाळीच्या रंगाचा ओघळ शिरलेला. नव्या भेगेच्या कडा कोऱ्या, आतला गिलावा फिकट, अंगठा फिरवला की भुकटी हाताला येते. दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग फोटोफ्रेमवाल्याकडून काचेची एक पट्टी आणा, बोटभर रुंद, वीतभर लांब, त्याच्याकडे असे तुकडे पडलेलेच असतात. ती भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं भिंतीला पक्की करा. त्या प्लास्टरवरही तारीख. काच ताणली जात नाही, भिंत जराशी सरकली तरी तडकते. जुने ओव्हरसियर असंच करायचे, आणि त्याला दहा-वीस रुपयांपलीकडे खर्च नाही.

फोटो काढताना भेगेच्या बाजूला मोजपट्टी धरा. दर आठवड्याला, ठरल्या वारी. आणि फक्त स्वयंपाकघराचे नकोत. काकांच्या बाजूच्या सगळ्या खोल्या, गच्ची, कंपाउंड, ओट्याची फरशी. जिथे भेग नाही त्या भिंतींचे तर आवर्जून काढा, कारण उद्या तिथे काही उमटलं तर ‘हे आधी नव्हतं’ हे दाखवायला तेच फोटो उपयोगी पडतात. खरं तर हे काम पाडापाडीच्या आदल्या दिवशी, दोन्ही घरच्या माणसांनी मिळून करायचं असतं. ती वेळ गेली. आज करा.

आणि काही गोष्टींत वाट बघायची नाही. भेगेत नाण्याची कड शिरायला लागली, काच आठवड्यात तडकली, ओट्याची फरशी भिंतीपासून सुटून खड्ड्याकडे कलली, बसणारी कडी बसेनाशी झाली, यातलं एक जरी दिसलं तरी त्या बाजूच्या खोलीत झोपणं बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा. एसजीएसआयटीएस हे कॉलेज १९५२ पासून इंदुरात इंजिनिअर घडवतंय, तुमच्या कॉलनीतच त्यातला एखादा निवृत्त सिव्हिलवाला सकाळी फिरायला जाताना भेटेल. पहिला सल्ला तो चहावर देईल. लेखी अहवाल हवा असेल तेव्हा मात्र रीतसर फी द्या.

इंजिनिअरच्याही आधी एक काम आहे. पत्र परत वाचून बघा, ठेकेदाराला फोन आहे, मुलाशी बोलणं आहे, ह्यांच्याशी आहे, मला पत्र आहे. काकांशी बोलल्याचं कुठेच नाही. विजय नगर काही पुण्याला नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझ्या बाजूची नाही. १९९८ मध्ये आम्ही सुदामा नगरच्या घरावर मजला चढवला. छत भरायच्या दिवशी मिक्सर दुपारी तीनला आला आणि काम रात्री दोनला संपलं. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या गच्चीवर साडीवर कुरडया घातल्या होत्या, एप्रिल महिना, चिकाच्या पांढऱ्या शुभ्र. सकाळी त्यांच्यावर सिमेंटच्या पाण्याचे करडे थेंब. त्या काही बोलल्या नाहीत. मीही गेले नाही. मला लाज वाटत होती आणि घरात दहा मजुरांचा चहा होता. मी ठेकेदाराच्या मुनिमाच्या हाती दोनशे रुपये पाठवले. त्यांनी ते त्याच पाकिटात परत पाठवले आणि अकरा महिने आमचं बोलणं बंद. पुढे एका रात्री त्यांच्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला आमची गाडी निघाली आणि तेवढ्यावर बोलणं सुरू झालं. कुरडयांचा विषय आजही निघतो. दोनशे रुपयांचा त्याहून जास्त. ‘तू यायचंस ना गं’ एवढंच त्या म्हणतात, दर वर्षी, पानात कुरडई वाढताना.

तेव्हा तुम्ही जा. ह्यांना दम लागणार नसेल तर त्यांनाही न्या. फोटो मोबाइलमध्ये नकोत, कागदावर छापून न्या, अठ्ठ्याहत्तरच्या माणसाला मोबाइलवर बोटांनी फोटो मोठा करून बघणं जमत नाही आणि तो ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. आधी चहा, मुलीची चौकशी, हळदीकुंकवाचं राहून गेलं हे तिला सरळ सांगा, कारण न देता. मग म्हणा:

‘काका, घर नवं होतंय, बरं वाटतं. पण तळघराचा खड्डा आमच्या भिंतीलगत उघडा पडलाय आणि ठेकेदार पंधरा दिवस आलेला नाही. ही भेग बघा. पावसाच्या आत आमच्या बाजूची भिंत वर यायला हवी. मोठ्याला फोन लावता का? मी इथे बसले आहे तोवरच लावा.’

ते शेवटचं वाक्य गाळू नका. ‘सांगतो त्याला’ वर उठून आलात तर काका विसरतील, आणि त्यांचा दोष नसेल.

त्या दिवशी ब्रेकर, धूळ, रेती, नळ, यातलं अवाक्षर काढायचं नाही. कितीही ओठांवर आलं तरी. सात गोष्टी सांगितल्या तर मुलगा त्यातली सगळ्यात स्वस्त उचलेल. रेतीचा ढीग चार फूट सरकवेल आणि म्हणेल, काकू, झालं ना तुमचं काम!

घरी आल्यावर त्याच दिवशी दोन्ही मुलांना व्हॉट्सअ‍ॅप करा. मी लिहून देते, हवं तसं बदला:

‘आज काकांशी बोलणं झालं. तळघरासाठी आमच्या पायालगत सुमारे दहा फूट खणलं आहे, कडेला आधार नाही आणि दोन आठवडे काम बंद आहे. भेगेचे फोटो तारखेसह पाठवत आहे. तुमच्या इंजिनिअरनी या आठवड्यात येऊन आमची बाजू बघावी, कडेला आधार लगेच द्यावा आणि १० जूनच्या आत आमच्याकडची भिंत जमिनीच्या वर आणून मागे भराव करून घ्यावा. भेगेच्या दुरुस्तीचं काम संपल्यावर बसून बोलू.’

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली आहे. आज पैसे मागत नाही हे त्यांना कळतं, आणि दुरुस्तीचा विषय संपलेला नाही हेही लिहिलेलं राहतं.

मुलांना मनातून शिव्या घालू नका एवढ्यात. पुण्यात बसून त्यांना साइट दिसते ती ठेकेदार पाठवतो त्या फोटोंत, आणि कुठलाही ठेकेदार बंद पडलेल्या खड्ड्याचा फोटो पाठवत नाही. पंधरा दिवस तो का आला नाही याची कारणंही नेहमीचीच असतात, हप्त्यावरून कुरबुर, वैशाखातली लग्नं, नाहीतर तीन साइटी एकदम घेतलेल्या. मुलांना कदाचित तुमच्याच मेसेजवरून पहिल्यांदा कळेल की काम थांबलंय. असं झालं तर ते आभार मानतील. मी हे दोन घरांत पाहिलंय.

उत्तर आलं नाही तर? सात दिवस थांबा, जास्त नको. मग काकांना आधी फोन करून सांगा की मी झोन कार्यालयात अर्ज देते आहे, आणि खरोखर द्या. नगर निगमच्या भवन अधिकाऱ्याच्या नावानं, साध्या कागदावर, फोटो जोडून, आणि दुसऱ्या प्रतीवर पावतीचा शिक्का घेऊन. निगमच्या ३११ या तक्रारींच्या अ‍ॅपवरही टाका, पण नुसत्या अ‍ॅपवर विसंबू नका, भिंतीच्या बाबतीत शिक्का मारलेला कागद बरा. अर्जात काकांविरुद्ध काही लिहायचं नाही, पायालगत उघडं खणकाम आहे आणि पाऊस तोंडावर आहे, बस्स. नक्शात तळघर मंजूर आहे का, हेही त्याच अर्जात विचारा. शेजारी म्हणून तो प्रश्न तुमचाच आहे.

नोटिशीबद्दल तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. त्याचं चुकत नाही, घाई होतेय. नोटीस गेली की मुलं ती त्यांच्या वकिलाला देतील, वकील पहिली गोष्ट सांगेल की शेजाऱ्यांशी आता बोलू नका, आणि उत्तर यायला महिना लागेल. तोवर पाऊस दारात असेल. झोनमधूनही काही हललं नाही आणि काच तडकली, तर मग नोटीस पाठवा, खुशाल पाठवा, त्यात संकोच नको. कायदा तुमच्या बाजूला बराच आहे. आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळणं हा १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानं मानलेला हक्क आहे, आणि वीस वर्षं विनातक्रार आधार घेत उभ्या असलेल्या बांधकामालाही तो मिळतो. तुमचं घर चाळिशी ओलांडलेलं. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं आणि त्या वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसतात. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जाऊन नुसतं विचारून या. शेजाऱ्यांच्या भांडणात मध्यस्थ बसवायची सोयही २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात आहे, दोन्ही बाजू तयार असल्या तर. काका तयार होतील असं मला वाटतं.

तुमच्या ह्यांनाही दोन शब्द. भाऊ, धूळ सोसा, आवाज सोसा, ते तुमचं मोठेपण. खड्डा सोसण्यात मोठेपण नाही. उद्या भिंत बसली तर काका तुम्हाला कधीच विचारणार नाहीत की तेव्हा का बोलला नाहीत, ते स्वतःलाच खात बसतील, आणि ते तुम्हाला त्यांच्या नव्या घराच्या गॅलरीत रोज दिसेल.

आता बाकीचं, भराभर.

सकाळी सहाचा ब्रेकर: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र दहा ते सहा. तुमचा ठेकेदार घड्याळ लावून कायदा पाळतोय म्हणायचा. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५, आणि ब्रेकर ५५ च्या आसपासही नसतो. पण पाडापाडी संपली, तो आवाज गेला. रात्री दीडचा मात्र नियमाबाहेर होता, रात्री वस्तीत बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायची नाहीत. पुढे छत भरायचे दिवस येतील. छत एकदा भरायला घेतलं की मध्ये थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो, म्हणून उशीर होतोच. तेव्हा मागणी ‘रात्री बंद करा’ अशी नको. ‘मिक्सर सकाळी सातला आणा आणि तारीख दोन दिवस आधी कळवा’ अशी करा. प्रत्येक छतानंतर टेकू काढेपर्यंत आठवडा-दोन आठवडे बऱ्यापैकी शांत जातात, पाहुणे तेव्हा बोलवा.

धूळ: हिरवी जाळी आणि पाण्याचा शिडकावा, हे दोन्ही त्यांनी करायचं, तुम्ही फडकं घेऊन पळायचं नाही. दम्याला खरा त्रास शेवटी होईल, फरश्या आणि ग्रॅनाइट कापायला घेतील तेव्हा. ती दगडाची बारीक भुकटी वाईट. पाणी सोडून कापा आणि मशीन पलीकडच्या कोपऱ्यात लावा, हे आत्ताच मुलांच्या कानावर घालून ठेवा. त्या महिन्यात ह्यांना बंगलोरला पाठवता आलं तर पाठवा, मुलालाही कळेल नोटीस लिहिणं सोपं की वडिलांना वेळेवर पंप द्यायला लावणं.

रेती: ठेकेदार उगवला की त्याच्यासमक्ष फाटकाच्या दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारा. रेघेच्या आत ढीग नाही. चुना पावसात जाईल, परत मारा. तोंडी सांगितलेलं ट्रॅक्टरवाल्यापर्यंत पोचत नाही, रेघ पोचते.

नळ: पिण्याला मटका भरून ठेवा, हंडे भरायला नाही म्हणा. एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी आहे, कॉलमवर मारायला नाही. हे मजुरांना नाही, मालकांना सांगायचं. त्यांनी टँकर लावायचा.

आणि ते तान्हं. वहिनी, या एका बाबतीत मी तुमच्या बाजूची नाही. झाबुआ-आलीराजपूरकडून आलेली बाई असणार, होळीच्या भगोऱ्याच्या जत्रेला गावी जाऊन आली आणि रंगपंचमीनंतर कामाला लागली. तिथे सावली कुठे आहे? खड्ड्याच्या काठावर? तुमचा ओटा हीच त्या साइटवरची एक सुरक्षित जागा. एक जुनी गोधडी टाका आणि ओट्याची खड्ड्याकडची बाजू खाटेनं अडवा. मग बघा, उद्या छत आहे का, ठेकेदार कधी येणार, खालून पाणी लागलं का, सगळं तुम्हाला ठेकेदाराच्या आधी तिच्याकडून कळेल. आमच्या वेळी मला मजला कधी चढणार हे कधीच नीट कळलं नाही, शेजारच्या वहिनींना कळायचं. त्यांच्या ओट्यावर पण असंच एक झोपायचं.

राहिलं घंगाळ. माळ्यावरच असू दे. काकांकडे जाताना तर मुळीच नेऊ नका, तुम्ही भेगेचं बोलायला गेलात आणि हातात त्यांचं घंगाळ, ते काय समजतील! वास्तुशांतीला पाण्याला मोठं भांडं लागेलच. तेव्हा त्यांची मुलगी येईल मागायला, किंवा काका स्वतः. तोवर चिंच लावून घासूनही ठेवू नका, उगाच.